कुसवंड्याचे कोरडे तळे

गावात शिरताना डाव्या हाताला पायऱ्यापायऱ्यांचे मोठे तळे लागले, त्यात पाणी का नाही, असा प्रश्न पडला का तुम्हाला? पाऊस इथे भरपूर पडतो. तळ्याची एकही पायरी ढळलेली नाही. पण बांधाला मधोमध भगदाड आहे आणि आलेले सगळे पाणी त्यातून ओढ्याला निघून जाते.

ही गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा तळे काठोकाठ भरलेले असे आणि सारे कुसवंडे त्यावरच जगे. गावाबाहेर माळावर चुन्याच्या भट्ट्या होत्या. तिथल्या लोकांना गाव ‘भट्टीवरचे’ म्हणे. तळ्याच्या पायऱ्या त्यांच्याच चुन्याने सांधलेल्या, तरी त्यांचा हात लागला की पाणी बाटते, अशी समजूत होती. त्यांनी रिकामी घागर एका सपाट दगडावर ठेवायची आणि लांब उभे राहायचे. तळ्याचा राखणदार येसबा वरून पाणी ओतून मागे सरायचा. मग त्यांनी घागर उचलायची. यात कोणाला वावगे वाटत नव्हते म्हणे. वाटले असेल, तरी कोणी बोलले नाही.

एका चैत्रात गावातले पुरुष जत्रेला गेले असताना भर दुपारी एका गवती छपराला आग लागली. वारा सुटलेला होता. घरामागून घर पेटू लागले. बनूबाईची लेक सुगंधा माहेरी बाळंत झाली होती. दारातच पेटता वासा कोसळला आणि ती तान्ह्या बाळासह आत अडकली.

धूर पाहून भट्टीवरची माणसे घागरी घेऊन धावत आली.

“आग लावायची तुम्हीच आणि विझवायलाही तुम्हीच व्हय?” एक म्हातारी ओरडली.

धुरपा नावाची भट्टीवरची बाई म्हणाली, “भांडण उद्या करू, आत्याबाई. आज पाणी घेऊ द्या.”

येसबा पायरीवर आडवा उभा राहिला. “घागरी दगडावर ठेवा. लांब व्हा. वाढतो मी.”

आणि तो खरोखरच वाढू लागला. एक घागर भरायचा, मागे सरायचा, ती उचलली की पुढची. त्याच्या मनात कपट नव्हते, असे सांगतात. त्याला दुसरी रीतच ठाऊक नव्हती.

बनूबाई धावत आली. “येसबामामा, उतरू द्या हो त्यांना. माझी सुगंधा आत आहे.”

“बने, आज तुझं घर वाचेल. उद्यापासून गावानं काय प्यायचं?”

बनूबाईने तळ्याकडे पाहिले, पेटत्या घराकडे पाहिले, आणि ती मागे सरली.

शेवटी धुरपाच येसबाला बाजूला सारून खाली उतरली. तिने पाण्यात बुडी मारली आणि ओल्या लुगड्यानिशी दारातला पेटता वासा ओलांडून बनूबाईच्या घरात शिरली. ती बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचली असावी, कारण आतून दोघींचे आवाज ऐकू आले म्हणतात. मग छप्पर खाली आले. बाहेर कोणीच आले नाही.

संध्याकाळपर्यंत अर्धे गाव जळाले होते. तळ्याचे पाणी वीतभरही उतरले नव्हते.

आजही गावात विचारा. भट्टीवरची बाई पाण्यात उतरली, म्हणून तळ्याची देवी कोपली आणि आग लागली, असे सांगणारे भेटतील. आग आधी लागली होती, हे त्यांना पुष्कळांनी समजावून पाहिले आहे. ते ऐकून घेतात, मान हलवतात आणि पुढच्या माणसाला पुन्हा तसेच सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, राखेतून अजून धूर निघत असताना, जत्रेहून परतलेल्या पुरुषांनी बाटलेले पाणी सोडून देण्यासाठी तळ्याचा बांध फोडला, आणि माती उचलणाऱ्या बायकांच्या रांगेत बनूबाई उभी होती.