हैबतीच्या दारावरच्या पाच गाठी

एका राज्यात जे अरिष्ट आलं, त्याचा दोष सात म्हाताऱ्या मंत्र्यांचा होता. उगाच नशिबावर ढकलायचं काम नाही. राजा चित्रकेतूला दरबारासाठी नवं दार हवं होतं आणि राज्यात सागाचं एकच झाड उरलं होतं, नगराच्या चौकात. त्या झाडात यक्षीण राहते, हे सातही जणांना ठाऊक होतं. सातही दाढ्या हलल्या. "तोडा, महाराज."

आधी पाच फांद्या तोडल्या, मग झाड पाडलं. पडता पडता यक्षीण बोलली, "माझी जात तुमच्या उंबऱ्यावर उभी होती, म्हणून तुमची घरं ही घरं होती. आता लोखंडाशी संसार करा."

त्याच क्षणी नगरातलं प्रत्येक दार लोखंडाचं झालं आणि मिटलं. आतले आत राहिले, बाहेरचे बाहेर. राजा आणि सातही म्हातारे दरबारात अडकले. दाराला छिन्नी लावली तर छिन्नी वितळे. हत्ती आणला तर हत्ती गुडघे टेकून बसे.

हैबती रंगारी बाहेर राहिला. वय बावीस. थोरले रंगारी नागोजीबुवा यांनी त्याला कारखान्यातून अर्ध्यातच हाकललेलं. का, तर हा प्रत्येक गोष्टीला 'असंच का' म्हणून विचारायचा. घरात त्याची आई होती आणि बायको मंजुळा. शाप लागल्यावर बाराव्या दिवशी मंजुळेला मुलगी झाली. खिडकी उंच, गज जाड. हैबतीला मुलीचं रडणं ऐकू येई, मूल दिसत नसे. विहिरी बाहेर आणि चुली आत. भिजवलेलं फडकं काठीला बांधून आत द्यायचं, तेवढंच पाणी. मंजुळेचं दूध आटत चाललं, तसं ते रडणंही बारीक होत गेलं.

हैबती चौकात गेला आणि झाडाच्या उरलेल्या बुंध्यापुढे बसला. बुंध्यावर एक सुतार पक्षी होता.

बुंध्यातून यक्षीण म्हणाली, "नगरातलं कुठलंही एक दार असं रंगव, की ते मला माझं वाटेल. त्यावर माझा रंग हवा, माझी वर्षं हवीत, माझी जखम हवी. हा पक्षी माझा डोळा. याने लाकूड समजून चोच मारली, तर सगळी दारं उघडतील."

नागोजीबुवांनी हेच आधी करून पाहिलं होतं, राजवाड्याच्या दारावर. उभ्या फळीवर उभ्या रेषा, आडव्या पट्टीवरही उभ्याच. पक्षी म्हणाला होता, "पत्र्यावरून पावसाचं पाणी ओघळलंय जणू." आणि उडून गेला होता.

हैबतीने आपल्याच घराचं दार घेतलं. पहिला दिवस रंगाचा. गेरू होता, पिवडीची पिवळी माती होती, तेल नव्हतं. लाखी तेलीण जवसाचं उरलंसुरलं तेल घेऊन आली.

"घे बाबा. माझाही नवरा आत आहे. घोरतो मेला, तरी हवाय मला."

हैबतीने आधी फिकट अस्तर दिलं आणि ते वाळू दिलं. वर गडद रंग फिरवला. पक्षी म्हणाला, "रंग पटला."

दुसरा दिवस वर्षांचा. ओल्या रंगातून फणी ओढायची, म्हणजे खालचा फिकट रंग रेषा होऊन उठतो. पण त्याच्या फण्या नागोजीबुवांनी ठेवून घेतलेल्या. मंजुळेने खिडकीतून आपली शिंगाची फणी खाली टाकली.

"अहो, घ्या ही. मी केस विंचरून दाखवू कुणाला?"

"दार तापलंय. रंग फार लवकर वाळतोय."

तिने गजांतून लुगडं खाली सोडलं. त्याच्या सावलीत हैबती काम करू लागला. उभ्या फळीवर उभी फणी, आडव्या पट्टीवर आडवी. बुंध्यावरची वर्तुळं त्याने मोजून आणली होती. दुष्काळाच्या वर्षांच्या रेषा त्याने दाटीने ओढल्या.

"वर्षं पटली," पक्षी म्हणाला.

तिसरा दिवस जखमेचा. नागोजीबुवा येऊन उभे राहिले. "लाकडाची गाठ रंगवू नकोस. दाराला डाग? आमच्या सात पिढ्यांनी गाठ झाकली."

"म्हणून तर पक्षी बसला नाही, बुवा. फांदी तोडली तिथे गाठ असते. ती तुम्ही पुसली, आणि लाकूड दाखवायला निघालात."

त्याने कुंचल्याने गाठ काढली. पक्ष्याने मान वळवली. "हा डाग झाला, जखम नाही. फांदी तोडली तेव्हा झाडाला कळलं होतं. या पत्र्याला काय कळतंय? तुझ्या बोटांचं कळणं त्याला दे. पाच फांद्या, पाच बोटं. ते कळणं परत मिळणार नाही."

वर मुलगी रडत होती. आता जवळजवळ ऐकूच येईना. हैबतीने उजवा हात ओल्या रंगावर टेकला आणि पाचही बोटं गोल फिरवली. पाच गाठी उमटल्या.

पक्ष्याने चोच मारली. आवाज लाकडाचा आला.

नगरातली सगळी दारं लाकडाची झाली आणि उघडली. राजा बाहेर आला, बुंध्यापुढे वाकला आणि त्याने चौकात त्याच सागाच्या बीचं रोप लावलं. त्याला रोज विहिरीवरून पाणी घालायचं काम सातही म्हाताऱ्यांना दिलं. उशिरा का होईना, उपयोगी पडले.

मंजुळेने मुलगी हैबतीच्या हातात दिली. तो तिला घेऊनच निघाला. आधी लाखीच्या पाया पडला, मग पक्ष्याला हात जोडले. बुंध्यापाशी जाऊन म्हणाला, "आई, रंगाला तू लाकूड मानलंस. तुझे उपकार आहेत."

"घरी जा," यक्षीण म्हणाली. "मूल भुकेलंय."

हैबतीच्या उजव्या हाताच्या बोटांना तेव्हापासून काही कळत नाही. फणीचा दाब कळत नाही, त्यामुळे रंगकाम सुटलं. तो आता लोकांच्या घरी पाणी भरतो.