नावाडी कुणाचा कैदी?

अमेरिकेच्या पश्चिम सीमेवर नुकतंच वसलेलं एक गाव होतं. ते कुठल्या जिल्ह्यात येतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथला नावाडी एझ्रा परवान्याशिवाय होडी चालवतो म्हणून एका सकाळी शेजारच्या दोन जिल्ह्यांचे शेरीफ, म्हणजे फौजदार, एकदमच त्याला पकडायला आले.

"हे गाव माझं, कैदीही माझा!" पहिल्याने एझ्राचा दंड धरला.

"नकाशा बघ जरा. गाव माझं!" दुसऱ्याने दुसरा दंड ओढला.

गावकरी गोंधळले. एझ्रा गेला तर नदी कशी ओलांडायची? तेवढ्यात त्याची बायको टॅबिथा पुढे आली.

"ज्याचं गाव, त्याने याला खुशाल न्यावं. पण आमचे घोडे पळवणारे आठ बंदूकवाले त्या टेकडीमागे बसलेत. गाव ज्याचं, चोरही त्याचेच. आधी त्यांना धरून आणा."

दोघांनी टेकडीकडे पाहिलं. एझ्राचे दोन्ही दंड सुटले.

"मी नकाशा नीट पाहिला नव्हता," पहिला म्हणाला. "गाव तुमचंच आहे."

"छे छे, तुमचंच!" म्हणत दुसऱ्याने घोड्याला टाच मारली. पहिलाही उलट दिशेला निघाला.

एझ्रा दंड चोळत उभाच. "मग आता मी नक्की कुणाचा कैदी?"

"माझा," टॅबिथा म्हणाली. "चला, पलीकडच्या काठावर माणसं खोळंबलीत."