चौघांचा डाव

कातळगडच्या रणधीरराजांनी शेजारची तिन्ही राज्यं जिंकली, आणि मग त्यांना फार कंटाळा यायला लागला. तेव्हा चिमाबाई सुतारीण लढाईचा एक खेळ विकायला दरबारात आली. खेळ सोपा, पण चौघांचा. लाकडी ठोकळे म्हणजे फौजा. ते उभे ठेवायचे, आकडा आपल्याकडे आणि कोरी बाजू समोरच्यांकडे, म्हणजे कोणाची ताकद किती ते दुसऱ्याला कळत नाही.

“आधी खेळून बघू, मग घ्यायचं ठरवू,” म्हणत राजे तीन सरदारांना घेऊन बसले. पण महाराजांपासून काही लपवायचं म्हणजे बेअदबी! तिघांनीही आपापले आकडे राजांकडे वळवून ठेवले. राजे लागोपाठ तीन डाव जिंकले आणि जांभई देत म्हणाले, “बाई, तुझ्या खेळात काही दम नाही. कशाला घेऊ?”

“घेऊच नका, महाराज,” चिमाबाई ठोकळे गोळा करत म्हणाली. “खेळ चौघांचा आहे, आणि इथं खेळणारे तुम्ही एकटेच.”

“मग खेळणारे शोधून आण!”

“तुमच्याशी खरं लढणारे तिघं होते की, महाराज. त्यांना तुम्हीच मारलंत.”

राजांना त्या तिघा शेजारी राजांमधला जयपाळ आठवला, लहानपणी विटीदांडूत त्यांच्यावर हटकून राज्य आणणारा.

राजांनी खेळ घेतला. रोज संध्याकाळी ते पट मांडत, समोरच्या ठोकळ्यांची कोरी बाजू स्वतःकडे करत आणि वाट बघत बसत. समोरून चाल कधी आलीच नाही.