होडीबांधणी शिकायला आलेली कोळीण

फार वर्षांमागे खाडीकाठच्या एका गावात एक मेस्त्री होड्या बांधायला शिकवत असे. वर्षाचे पैसे भरून प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला तो सही करून एक कागद देई. त्यावर लिहिलेलं असे, 'वर्षभरात अख्खी होडी बांधून पाण्यात सोडायला शिकवीन.'

त्या वर्षी बारा जण आले. त्यात एक कोळीण होती. तिच्या बेटावर होडी बांधणारं कुणीच नव्हतं. एखादी फळी निखळली तरी माणसं महिना-महिना किनाऱ्यावर बसून राहत. म्हणून मासळीची पाटी जावेकडे सोपवून ती शिकायला आली होती.

पाच महिने बरे गेले. होडीचा सांगाडा उभा राहिला. मग एका सकाळी मेस्त्री म्हणाला, "आजपासून होडीचं काम बंद. आता फक्त वल्ही करायला शिकायचं. बाजारात वल्ह्यांनाच मागणी आहे."

बारांतला एक तरणा लोहार "ही फसवणूक आहे!" असं ओरडला आणि आपला कागद टराटरा फाडून चालता झाला. बाकीचे "आपलं कोण ऐकणार?" म्हणत मुकाट्याने वल्ही तासू लागले.

कोळणीलाही राग आला होता. पण तिने आधी कागद काढून दोनदा वाचला आणि मग मेस्त्रीला गाठलं.

"मेस्त्री, वल्ह्यांना माझी ना नाही. पण कागदावर होडी आहे. ती का बंद केली, खरं सांगा."

मेस्त्रीने तिला आत नेलं. "फळ्या जोडायचं काम माझ्या भागीदाराचं. तो भांडून पलीकडच्या गावी गेला. मला एकट्याला ते जमत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुला तेवढी त्याच्याकडे शिकायला धाडतो. पण कुणाजवळ बोलू नकोस, बाई."

हो म्हणावं, असं कोळणीला क्षणभर वाटलं. तिचं काम होणार होतं. पण बाहेर वल्ही तासणारे तिला दिसत होते. तेही घरदार सोडूनच आले होते.

"एकटीला नको," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिने सगळ्यांना खरं कारण सांगितलं. दुसऱ्या दिवशी अकराही जण आपापले कागद घेऊन मेस्त्रीपुढे उभे राहिले. कोळीण शांतपणे म्हणाली, "भागीदाराला बोलवा आणि ठरलेलं शिकवा. ज्यांना जायचंय त्यांना उरलेल्या महिन्यांचे पैसे परत द्या. जे ठरेल ते लिहून द्या."

"आणि नाही दिलं तर?"

"तर हे कागद पंचांपुढे ठेवू."

मेस्त्रीने आपल्याच अकरा सह्या पाहिल्या. त्याच दुपारी तो पलीकडच्या गावी जाऊन भागीदाराची माफी मागून त्याला घेऊन आला.

एक जण पैसे घेऊन घरी गेला. दोघांना वल्हीच आवडली होती. ते तेच शिकले. लोहारही परत आला, पण दाखवायला कागद नव्हता. त्याला नव्या तुकडीत नव्याने नाव घालावं लागलं, आणि सावध झालेल्या मेस्त्रीने त्या तुकडीच्या कागदावर फक्त वल्ही लिहिली होती.

उरलेल्या आठ जणांची होडी दोन महिने उशिरा तयार झाली. पहिल्या दिवशी एका सांध्यातून पाणी आत आलं. त्यांनी ती ओढून वर घेतली, सांधा पुन्हा भरला, डांबर फासलं. दुसऱ्या खेपेला होडी तरली, आणि भागीदारासकट सगळे तिच्यात बसून खाडीपार जाऊन आले.

तात्पर्य: ठरलेलं कुणी मध्येच बदललं, तर संतापून निघून जाऊ नये आणि मुकाट सोसूही नये; बदलाचं कारण विचारावं, कागद जपावा आणि आपलं मागणं सगळ्यांनी मिळून मांडावं.