पारवीला शाब्बास म्हणू नका

एका गावात एक घोडी होती आणि तिला एक मालक होता. एरवी गोष्ट सांगताना मालकाचं नाव आधी घेतात आणि जनावराचं मागून. पण या दोघांत शहाणं कोण, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी घोडीपासून सुरुवात करतो.

घोडीचं नाव पारवी. पारव्याच्या रंगाची, म्हणून पारवी. उंची बेताची, कान जरा मोठे, रूप चारचौघींसारखं. पण चाल रवाल. रवाल म्हणजे काय, ते घोड्यावर कधी न बसलेल्याला सांगायला हवं. साधा घोडा दुडक्या चालीने निघाला की स्वाराची हाडं खिळखिळी होतात. रवाल घोडा पाय असे टाकतो की वाट भराभर मागे पडते आणि त्याची पाठ मात्र जागची हलत नाही. पोटातलं पाणी हलत नाही म्हणतात ना, ते इथे अक्षरशः खरं.

मालक होता हरबा कासार. दहा गावं फिरून बांगड्या भरणं हा त्याचा धंदा. काचेच्या बांगड्यांच्या दोन पेट्या घोडीच्या दोन्ही अंगांना बांधायच्या, मधे आपण बसायचं आणि निघायचं. दुसऱ्या कासारांच्या पेट्यांत बाजार गाठेपर्यंत डझनभर बांगड्या वाढलेल्या असत. कासाराच्या घरी बांगडी फुटत नाही, वाढते. फुटली म्हणणं अशुभ. पारवीच्या पाठीवरून आठ वर्षांत एकही बांगडी वाढली नव्हती.

बरं, पारवी काही एका कासाराची उरली नव्हती. नदीपलीकडे बाळंतपण अडलं की सुईण तिच्यावरून जायची. दिवस गेलेल्या लेकी तिच्यावरून माहेरी यायच्या. दारात बायकांचं हिरवी घेऊ की लाल, हे ठरेस्तोवर ती कान हलवत उभी राहायची, आणि ते ठरायला किती वेळ लागतो हे मी सांगायला नको. हरबा पाठीवर पेंगायचा. तो डावीकडे कलला की पारवी डावीकडे सरकून त्याला सावरायची. एकदा तापाने फणफणलेल्या हरबाला तिने तीन कोसांवरून घरी आणलं आणि दारात थांबून त्याची बायको बाहेर येईपर्यंत पाय आपटत राहिली.

आता एवढं सगळं करणाऱ्या जनावराला माणूस काही बोलेल की नाही? हरबा बोलला नाही. घोडी चालते, त्यात बोलायचं काय, असं त्याला वाटे. चारा वेळेवर घालायचा, पाठ चोळायचा, माया होतीच. पण ती तोंडातून बाहेर पडली नाही.

मग तो जत्रेला गेला आणि सगळं बिनसलं.

जत्रेत एक नाचरा घोडा आला होता. हलगी वाजली की मागच्या दोन पायांवर उभा राहायचा, गोल फिरायचा, आणि लोक पटके उडवायचे. हरबा डोळे विस्फारून बघत राहिला. शेजारचा एकजण पारवीकडे पाहून म्हणाला, "हरबा, तुजी घोडी म्हंजी पाटा हाय बघ. कवा हललेली दिसली न्हाई."

माझ्यासारखा असता तर म्हणाला असता, बाबा रे, न हलणं हेच तर हिचं कसब आहे. पण हरबाला ते लागलं. घरी येताना तो पारवीच्या पाठीवर तोंड पाडून बसला होता, आणि पारवी त्याला पोटातलं पाणी न हलवता घरी आणत होती.

दुसऱ्याच दिवशी त्याने दादूमियाँ चाबूकस्वाराला बोलावलं. घोडी शिकवण्यात दादूमियाँचा हात धरणारा दहा गावांत नव्हता. त्याने पारवीला एक फेरी मारून पाहिली आणि खाली उतरून म्हणाला, "कासारभाऊ, ही रवाल हाय. हिला उड्या शिकवायच्या? कशापायी बिघडवताय?"

"लोकं बघत न्हाईत तिच्याकडं," हरबा म्हणाला.

"लोकांना बांगड्या विकायच्यात का घोडी?"

हरबाने ऐकलं नाही. दादूमियाँने कपाळाला हात लावला आणि कामाला लागला. पारवीने पाय उचलला की तो म्हणायचा "शाब्बास" आणि गुळाचा खडा द्यायचा. अजून उंच उचलला की पुन्हा शाब्बास. पारवी मुळातच गुणी. तिला वाटलं, मालकाला हे आवडतं तर हे करू. महिन्याभरात गूळ बंद झाला तरी काही अडलं नाही. नुसतं शाब्बास म्हटलं की ती पुढचे दोन्ही पाय उचलून नाचायची.

मग काय विचारता. हरबाने तिला घुंगरं बांधली. वरातींची बोलावणी येऊ लागली. कासार म्हणून त्याचं कोणी नाव घेत नव्हतं, पण नाचऱ्या घोडीच्या हरबाला गावोगाव ओळखू लागले. आणि नाचणाऱ्या घोडीवर काच कशी लादणार? म्हणून हरबाने बांगड्यांची एक पेटी घरी ठेवली आणि दुसरी स्वतःच्या खांद्यावर घेतली. पुढे घुंगरं वाजवत मोकळी घोडी आणि मागे पेटीखाली वाकलेला मालक, अशी ही जोडी बाजाराला जाऊ लागली. हे बघून मला हसावं की रडावं कळत नसे. त्याची बायको भागूबाई मात्र स्पष्ट बोलली. "तुमी घोडी पाळलीया का घोडीनं तुमाला?"

अशातच गोदाबाईच्या चंद्राचं लग्न ठरलं.

गोदाबाई विधवा. चंद्रा तिची एकुलती एक. या मुलीचं लग्न आधी एकदा ठरून मोडलं होतं. कारण काय, तर साखरपुडा झाल्यावर आठ दिवसांत मुलाकडचा बैल मेला. बैल म्हातारा होता, त्याला दात नव्हते, पण दोष मुलीच्या पायगुणावर गेला. आता चार कोसांवरच्या गावातलं हे दुसरं स्थळ. लग्न मुलाच्या दारात. मुलाची आई आनसाबाई मुळातच शंकेखोर. हेही मोडलं असतं तर चंद्राला पुन्हा कोणी विचारलं नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं. गोदाबाई लग्नघरी जाण्याआधी हरबाकडे येऊन म्हणाली, "भाऊ, चुडा तुमच्याच हातचा. हळदीच्या आधी पोचला पायजे. आन् एकबी वाढलेली नको. लोकं टपून बसल्यात."

"काळजी करू नगासा," हरबा म्हणाला.

आणि लग्नाच्या आदल्या दिवशी हा गृहस्थ दुसऱ्याच एका वरातीत घोडी नाचवायला गेला. हरबा पाठीवर बसला, पारवी दोन पायांवर उभी राहिली, आणि हरबा खाली आला. घोटा सुजून भोपळा झाला. चालायची सोय उरली नाही. आता दोन भरलेल्या पेट्या आणि मालक, तिघांनाही पारवीवरच जाणं भाग होतं.

सकाळी भागूबाईने घुंगरं सोडून ठेवली. पेट्या बांधल्या. एकीत मुलाकडच्या बायकांच्या बांगड्या, दुसरीत मुलीकडच्या. चंद्राचा हिरवा चुडा वेगळा फडक्यात बांधून तिने हरबाच्या मांडीवर दिला. म्हणाली, "त्वांडातनं शाब्बास काढू नका, म्हंजी झालं."

हरबाने नाही काढलं. पण वाटेवर गावं होती आणि गावांत माणसं होती.

पहिल्याच गावच्या पारावरून कोणीतरी ओरडलं, "अरं, नाचरी घोडी आली. शाब्बास गं!" पारवीने मान वर केली आणि पुढचे पाय उचलले. डावीकडच्या पेटीत काच खळकन वाजली. हरबाने चुडा छातीशी धरला आणि लोकांना हात जोडले.

"बाबांनो, पाया पडतो. माज्या घोडीला चांगलं म्हणू नका."

लोकांना ते भारी आवडलं. एक म्हातारा कौतुकाने म्हणाला, "बगा, एवढं नाव झालं तरी माणसाला गर्व न्हाई. शाब्बास, हरबा."

शाब्बास हरबाला होती. पारवीला तो फरक कसा कळणार? ती पुन्हा उठली. पेटी पुन्हा वाजली. हरबाने पारावरच्या सगळ्यांकडे असं काही पाहिलं की लोक म्हणाले, कासाराला आज ऊन लागलेलं दिसतंय.

अजून दोन गावं वाटेत होती आणि दोन्ही गावांत पारवी नाचून आलेली होती. हरबाने लगाम वळवला आणि गावं टाळून ओढ्याच्या पात्रातून निघाला. ती वाट म्हणजे नुसते गोटे. शेळ्यासुद्धा तिथे जपून उतरतात. पण तिथे माणूस नव्हता.

दहा पावलं गेल्यावर पारवीची चाल आपोआप बदलली. घुंगरं नाहीत, हलगी नाही, पाठीवर पेट्या आणि ओळखीचं ओझं. तिने तिची जुनी रवाल धरली. गोट्यावर पाय टाकण्याआधी ती तो चाचपायची आणि मग अंगाखालून वाट सरकायची. पेट्या गप्प. मांडीवरचा चुडा गप्प. दुखऱ्या पायाला हिसका म्हणून बसत नव्हता. हरबा एकदा तोल जाऊन उजवीकडे कलला, तर पारवी तेवढीच उजवीकडे सरकली.

आयुष्यात पहिल्यांदा हरबाला या चालीसाठी तिला शाब्बास म्हणावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. आणि म्हटलं असतं तर चंद्राच्या लग्नाचा चुराडा झाला असता. त्याने पटक्याचं टोक तोंडात कोंबलं, दातांनी घट्ट धरलं, आणि डोळ्यांतून पाणी गाळत तो लग्नघरापर्यंत गेला. आपण होऊन ओढवून घेतलेलं, दुसरं काय म्हणायचं.

हळदीला अजून घटका होती. लग्नघरच्या दोघांनी पुढे होऊन हरबाला उतरवलं, पेट्या मांडवात ठेवल्या. आनसाबाई स्वतः बघायला आली. चंद्राचा चुडा नीट होता. उजवी पेटी नीट होती. डावी उघडली आणि आनसाबाईचा चेहरा उतरला. दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या वरच्या दोन माळा वाढल्या होत्या, आणि पेटी होती मुलाकडच्यांची.

मांडवात कुजबुज सुरू झाली. आनसाबाई हळू आवाजात म्हणाली, "आमच्याच पेटीतल्या वाढाव्या? आमी ऐकून हुतो हिच्या पायगुणाचं. उगं नव्हतं बोलत कुनी."

गोदाबाई मटकन खाली बसली. चंद्रा दारात उभी होती, तिने मान खाली घातली. दुसऱ्यांदा.

वाट खराब होती, असं हरबा सांगू शकला असता. सगळ्यांनी मानलंही असतं, आणि मनात मुलीलाच धरलं असतं. हरबा एका पायावर उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, पायगुण पोरीचा न्हाई. घोडीचाबी न्हाई. ह्यो माजा गुण हाय. जरा भाईर या, दावतो."

सगळा मांडव बाहेर आला. पारवी खांबाला बांधलेली, मोकळ्या पाठीने उभी होती. हरबाने तिला सोडलं आणि म्हणाला, "शाब्बास."

पारवी उठली. त्याने पुन्हा म्हटलं, ती पुन्हा उठली. मग त्याने कानाला हात लावून सगळी हकिकत सांगितली: आठ वर्षांची रवाल, जत्रा, दादूमियाँ, पारावरची माणसं, ओढ्याची वाट, तोंडातला पटका. लोक आधी गालात हसले, मग पोट धरून हसले. दहा गावांत मिळवलेलं नाव तिथे पाच मिनिटांत धुळीला मिळालं. चंद्राही तोंडावर पदर धरून हसली.

आनसाबाईला मात्र हसू आलं नाही. शंकेखोर बाई, तिची एक शंका उरलीच होती.

"म्हंजी वड्यातनं येताना ही नीट चालली, ते तुमी हिला काय म्हनाला म्हनून?"

"काईच न्हाई म्हनलो."

"आन् मागली आठ वर्सं चालली, तवा काय म्हनत हुता?"

हरबाने पारवीच्या मानेवर हात ठेवला.

"तवाबी काईच न्हाई, बाई. म्हनून तर तिला कळलं न्हाई, मला काय आवडतं त्ये."

आनसाबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग वळून दारातल्या चंद्राजवळ गेली, तिचा हात धरून तिला मांडवात आणलं आणि म्हणाली, "कासार, बसा. पैला चुडा माज्या सुनंला भरा."

तात्पर्य: जे कौतुक पावतं तेच वाढतं. म्हणून जो निमूटपणे आपला भार वाहतो त्याला वेळेवर शाब्बास म्हणावं. नाहीतर आपली शाब्बासकी ऐकण्यासाठी तो बिचारा उड्या मारायला शिकतो, आणि मग कपाळावर हात मारून घेण्याची पाळी आपल्यावरच येते.