टिटवीने गिळलेली बातमी

जंगल एकच होते, पण त्यात राने चार होती. सागाचे, बांबूचे, पळसाचे आणि खैराचे. यातल्या खैराच्या रानात, ओढ्याकाठच्या उघड्या माळावर एक टिटवी राहत असे. टिटवीचा आवाज अशुभ, असे सगळेच मानतात. त्यामुळे ती बिचारी कुठे जाऊन बसली आणि तिने जरा तोंड उघडले, की कोणी ना कोणी तिला हुसकावून लावी. आपल्याला पाहून कोणाला आनंद झाला आहे, असे तिने जन्मात कधी पाहिले नव्हते.

या चार रानांत दर वर्षी फुटबॉलचे सामने होत. पावसाळा सरून माळ वाळला, की वेलींचा घट्ट चेंडू वळला जाई आणि हंगाम सुरू होई. प्रत्येक रानाचा एक संघ. मुलांनो, तुम्ही म्हणाल, खेळच तो, त्यात काय एवढे? पण हा खेळ नुसता गमतीचा नव्हता. उन्हाळ्यात जंगलातले सगळे ओढे आटत आणि पाणी राही ते एका मोठ्या डोहात. तेवढे पाणी तीनच रानांना पुरे. म्हणून पूर्वजांनी ठरवून ठेवले होते की, हंगामाच्या शेवटी जे रान तळाला राहील, त्याने डोहावर यायचे नाही. त्याने डोंगरापलीकडच्या नदीवर जायचे. त्या नदीच्या वाळूत रानकुत्र्यांच्या टोळ्या फिरत. तिकडे गेलेले सगळेच परत येत असे नाही.

त्या वर्षी खैरवाल्यांची सुरुवात झकास झाली. पहिल्याच सामन्यात त्यांनी बांबूवाल्यांना हरवले. एकच गोल झाला आणि तो मारला एका तरण्या चितळाने. त्याच्यासारखा पळणारा चारही रानांत दुसरा नव्हता. संध्याकाळी मोहाच्या झाडाखाली खैरवाल्यांची बैठक जमली. कोल्हा, वानर, घोरपड आणि आणखी पाचपंचवीस जण. यांतले कोणी खेळत नसत, पण खेळाविषयी बोलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कोल्हा तर या बैठकीचा म्होरक्याच. आपल्या संघाविषयी चार शब्द बोलून झाले आणि मग गाडी वळली ती इतरांकडे. बांबूवाल्यांचा बचाव किती ढिसाळ आहे आणि पळसवाल्यांचा गोलरक्षक किती जाड झाला आहे, यावर अंधार पडेपर्यंत चर्चा रंगली. शेवटी वानराने विचारले, की परवा सागवाल्यांचा आणि पळसवाल्यांचा सामना आहे, तो पाहून येईल असे कोणी आहे का? तेव्हा लांब उभी असलेली टिटवी हळूच म्हणाली, "मी जाऊन येईन."

त्या सामन्यात पळसवाल्यांचा धुव्वा उडाला. त्यांच्यावर चार गोल झाले आणि त्यांना एकही करता आला नाही. ही बातमी घेऊन टिटवी परत येत होती, तेव्हा ओढ्याच्या वळणावर तिला तो तरणा चितळ दिसला. एकटाच उभा राहून तो पुढचा खूर चाटत होता. टिटवी खाली उतरली. बांबूवाल्यांशी खेळताना खुरात बाभळीचा काटा घुसला होता आणि आत मोडला होता. खुराच्या बेचक्यात सूज आली होती.

"घरी सांगितलंस का?" टिटवीने विचारले.

"आईला सांगितलं तर ती मला खेळूच देणार नाही," चितळ म्हणाला. "आणि संघात सांगितलं तर म्हणतील, एक गोल काय मारला, लगेच नखरे सुरू झाले. टिटवीताई, तू बैठकीत जातेस आणि बैठकीचा शब्द संघ मोडत नाही. तू सांग ना. साळिंदराकडून काटा काढून घेतो आणि दोन सामने बसतो. तेवढ्यात बरा होईन."

टिटवीने सांगते म्हणून कबूल केले. खरेच सांगणार होती ती. पण मोहाच्या झाडापाशी ती उतरली तेव्हा सगळे तिची वाट पाहत होते. तिला पाहताच घोरपडीने सरकून तिला जागा करून दिली. कोल्हा म्हणाला, "या टिटवीबाई. बोला, पळसवाल्यांचं काय झालं?" टिटवीने चार गोलांची बातमी सांगितली आणि बैठकीत हशा उसळला. प्रत्येक गोल कसा झाला, गोलरक्षक कसा तोंडावर पडला, हे तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावले. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या आवाजाने कोणी दचकले नव्हते. चितळाच्या खुराची गोष्ट तिच्या जिभेवर आली आणि तिने ती आतच ठेवली. उद्या सांगू, असे तिने ठरवले.

तो उद्या चार दिवसांनी उजाडला. सागवाल्यांनी बांबूवाल्यांवर पाच गोल चढवले होते. ती बातमी सांगून झाल्यावर टिटवी चाचरत म्हणाली, "आपल्या चितळाच्या पायाला काहीतरी लागलंय. थोडा लंगडतोय तो."

कोल्ह्याने तिच्याकडे पाहिलेही नाही. "बांबूवाल्यांच्या तर दोन भेकरांचे पाय मुरगळलेत," तो म्हणाला. "त्यांच्याकडे पाहिलं तर आपला संघ अगदी ठणठणीत आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. वानर कपाळाला आठ्या घालून म्हणाला, की चांगल्या वेळी अभद्र बोलायची या जातीची सवय काही जात नाही. पुढे टिटवीने तो विषय काढला नाही. चितळ भेटला तेव्हा तिने त्याला सांगितले, की त्यांच्या कानावर घातले आहे. हे अगदीच खोटे नव्हते. चितळाने वाट पाहिली आणि कोणी काही बोलत नाही हे पाहून तो खेळत राहिला.

टिटवी रानोमाळ हिंडतच होती. एका सकाळी ती पळसाच्या रानावरून गेली, तेव्हा तिथला सगळा संघ धुक्यात सराव करत होता. जाडा गोलरक्षक चिखलात लोळून लोळून चेंडू अडवत होता. आजूबाजूला त्यांच्या रानातले म्हातारेकोतारे उभे होते आणि कोणाचे कुठे चुकते ते बोलून दाखवत होते. बांबूवाल्यांनी जखमी भेकरांना घरी बसवून दोन नव्या पोरी उतरवल्या होत्या. हे सगळे टिटवीने डोळ्यांनी पाहिले. पण मोहाखाली तिने एवढेच सांगितले, की पळसवाले चिखलात लोळतात. बैठक पोट धरून हसली.

मग वारे फिरले. पळसवाल्यांनी खैरवाल्यांना दोन गोलांनी हरवले. बांबूवाल्यांनी सागवाल्यांना बरोबरीत रोखले. खैरवाल्यांचा चितळ आता पहिल्या धावेनंतरच मागे पडू लागला. तो खूर टेकवायच्या आधी क्षणभर थांबतो, हे ज्याला डोळे होते त्या कोणालाही दिसले असते. पण बैठकीत अजूनही गुणांच्या तक्त्यात आपल्या खाली कोण आहे, याचीच चर्चा होती. हंगामाच्या सुरुवातीला बांबूवाले कसे हरले होते, हे कोल्हा अजून रंगवून सांगत होता. खाली कोणी आहे तोवर काळजी नाही, असे त्याचे म्हणणे होते. आणि एक दिवस खाली कोणी उरले नाही.

शेवटचा सामना बांबूवाल्यांशीच होता. बरोबरी झाली असती तरी एका गुणाने पळसवाल्यांना मागे टाकून खैरवाले वाचले असते. अर्धा सामना झाला तेव्हा ते एका गोलाने मागे होते. अगदी शेवटी चेंडू चितळाच्या पायाशी आला. समोर एकटा गोलरक्षक, तोही पुढे आलेला. चितळाने दुखरा पाय टेकवून दुसऱ्या पायाने फटका मारायला घेतला आणि तो टेकवलेला पाय मुडपला. चेंडू तिथेच राहिला. चितळ कुशीवर पडला आणि उठला नाही. तेव्हा कुठे साळिंदराने त्याचा खूर पाहिला. काटा आत सडला होता आणि खूर अर्धा पोकळ झाला होता. आता काढून उपयोग नव्हता.

उन्हाळा आला. बाकीची तीन राने डोहावर गेली आणि खैरवाले डोंगर ओलांडून नदीवर जाऊ लागले. पहिले काही दिवस निभावले. मग एका सकाळी सगळे वाळूतल्या डबक्यावर वाकले असताना टिटवीने वरून पाहिले. दरडीच्या सावलीतून रानकुत्रे उतरत होते. ती जिवाच्या आकांताने ओरडली. या खेपेला तिला कोणी अभद्र म्हटले नाही. सगळा कळप उधळला आणि दरड चढून वर गेला. चितळ तीन पायांवर पळत होता. एके काळी त्याला धरणारा कोणी नव्हता. निम्म्या वाळूतच कुत्र्यांनी त्याला गाठले. टिटवी खाली झेपावत राहिली, ओरडत राहिली, पण कुत्र्यांना टिटवीचे काय भय?

त्या संध्याकाळी खैरवाले दरडीवर जमले. कोल्ह्याने सुरुवात करून पाहिली, की मागे पळसवाले इथे आले होते तेव्हा त्यांचे अकरा गेले होते. आपला तर एकच गेला. कोणी मान वर केली नाही आणि त्याचा आवाज तिथेच विरला.

चितळाची आई दिवसभर वाळूकडे तोंड करून उभी होती. ती वळली आणि टिटवीपाशी आली.

"त्याच्या खुरात काटा होता," ती म्हणाली. "तुला ठाऊक होतं का?"

"होतं," टिटवी म्हणाली.

"केव्हापासून?"

टिटवीला खोटे बोलता आले असते, पण ती बोलली नाही. "पळसवाल्यांवर चार गोल झाले, त्या दिवसापासून."

आईला तो दिवस आठवला. त्या संध्याकाळी मोहाखालचा हशा तिच्यापर्यंत ऐकू आला होता आणि तिला वाटले होते, आपल्या पोराचेच कौतुक चालले आहे. ती टिटवीला रागावली नाही. तिने तिच्याकडे पाठ केली, धाकट्या पाडसांना गोळा केले आणि उजेड आहे तोवर त्यांना पाणी पाजायला पुन्हा त्याच वाळूत उतरली.

तात्पर्य : दुसरा हरला म्हणून आपण जिंकत नाही, आणि गोड बातमीच्या लोभाने जो खरी बातमी गिळतो, त्याच्या गप्प बसण्यात भलत्याचाच जीव जातो.