कामाच्या नावाचा धनादेश

एकदा एक हळदीचा व्यापारी धनादेश घेऊन एका वृद्ध गुरुजींकडे आला. गुरुजी एक छोटी धर्मादाय संस्था चालवीत. त्यांच्या एका शिष्याने चार वर्षांपूर्वी मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा संगणकाचा प्रोग्राम लिहिला होता. तो सर्वांना मोफत होता. कोणीही घ्यावा, सुधारावा, पुढे द्यावा. पण त्याची रोजची देखभाल तो शिष्य एकटाच करी. व्यापाऱ्याच्या आईची दृष्टी गेली होती. या प्रोग्राममुळे ती रोज वर्तमानपत्र ऐकू लागली होती, आणि हळदीच्या भावावरून मुलाला चार शब्द सुनावूही लागली होती.

धनादेश शिष्याच्या नावे होता आणि शिष्याला त्या पैशांची फार गरज होती. महिनाअखेरीपर्यंत सोय झाली नाही, तर काम बंद करून नोकरी धरायची असे त्याने ठरवले होते. गुरुजींना हे ठाऊक होते. तरीही त्यांनी धनादेश परत केला आणि तो संस्थेच्या नावाने लिहून आणायला सांगितले. संस्थेची पावती मिळेल आणि तिच्यावर करात सवलतही मिळेल, असे वर सुचवले. व्यापारी आनंदाने कबूल होऊन गेला.

शिष्याला मात्र ते फार लागले. तो म्हणाला, "गुरुजी, काम मी केले. आणि कर वाचवण्यासाठी दिलेले दान, ते दान कसले?"

"तुझ्या नावाने आले असते, तर ती तुझी मिळकत झाली असती," गुरुजी म्हणाले. "उद्या तू आजारी पडलास, की त्या माउलीचे वर्तमानपत्र बंद. संस्थेकडे आलेला पैसा या कामावरच खर्च होईल. तुझे मानधन त्यातून निघेल, आणि तुझ्या जागी दुसरा कोणी बसला तर त्याचेही. राहिली सवलत. सरकार जो कर सोडते, तो आपल्या सर्वांचा असतो. म्हणजे संगणक कशाशी खातात हे जिला माहीत नाही, त्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीनेही तुझ्या कामाला हातभार लावला आहे. पावती द्यायची ती तिची आठवण राहावी म्हणून."

 शिष्याने हळूच विचारले, "प्रोग्रामचे सगळे पासवर्ड आजवर माझ्या एकट्याजवळ आहेत. ते आणखी कोणाला देऊ?"

गुरुजींनी संस्थेतल्या दोन संगणक शिक्षिकांची नावे सांगितली. शिष्य त्याच दुपारी त्यांना सारे समजावून द्यायला बसला. आपल्यावाचूनही हे काम चालेल, या विचाराने त्याला क्षणभर वाईट वाटले. आणि चार वर्षांत प्रथमच तो निर्धास्त झाला.